जुनं गॅस्केट भंगारात टाकू नका



टर्बो गाड्यांवरच्या मागच्या भाषणानंतर आलेल्या पत्रांचा गठ्ठा आकाशवाणीने माझ्या हातात ठेवला. गाडी कुणाची पोलो, कुणाची ऑक्टाव्हिया. गाव कुणाचं चिंचवड, कुणाचं थेट सांगली. मजकूर मात्र एकच. 'रीमॅप करून घेतला, काही महिने मजेत चालवली आणि हेड गॅस्केट उडालं. आता कोणत्या कंपनीचं भारी गॅस्केट घालू?' (रीमॅप म्हणजे इंजिनच्या संगणकातला कंपनीचा मॅप बदलून टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, आणि ताकद वाढवणं.) कुणी तांब्याचं घालू का म्हणून विचारतो, कुणी जपानहून मागवायला निघालाय. आधीचं का उडालं, हे एकानेही विचारलेलं नाही.

म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, मग मधेच कुणी उठून गेलं तरी माझी हरकत नाही. कारण सापडल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू नका. आणि कारण सापडायचं असेल तर जुनं गॅस्केट गॅरेजवाल्याला फेकू देऊ नका.

आता गॅस्केटचं काम काय ते पाहू. खाली इंजिनचा ब्लॉक, वर हेड आणि मधे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं हे पान. ज्वलनाचा वायू, वाहतं कूलंट आणि दाबाखालचं ऑइल या तिघांना त्याने एकमेकांपासून वेगळं ठेवायचं. आजच्या बहुतेक टर्बो गाड्यांत ते स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यांच्या थरांचं असतं, त्याला एमएलएस म्हणतात. सिलिंडरभोवती पत्र्याला उठवलेली कड असते. हेड आवळलं की ती दबते आणि परत उसळी घेऊ पाहते. त्या उसळीवर सगळं सील टिकून असतं.

त्यावर भार किती येतो? पोलो जीटी टीएसआय आपल्याकडे २०१३ साली आली. बाराशे सीसी, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर. तिच्या सिलिंडरचा व्यास ७१ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ ४० चौरस सेंटिमीटर. ज्वलनाचा दाब १०० बार धरला, तर एक सिलिंडर हेडला वर ढकलतो तो चार टनांच्या बळाने. तीन हजार आरपीएमला हे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा घडतं. हेड खाली धरून ठेवतात ते बोल्ट, आणि तेही आवळताना आलेल्या ताणाच्या जोरावर. कंपनीने हा हिशेब करताना थोडी शिल्लक ठेवलेली असते, रीमॅप करणारा ती वापरतो. त्यात पाप नाही. शिल्लक किती होती आणि आपण किती वापरली, हे त्याला माहीत असलं म्हणजे झालं.

'बूस्ट वाढला, दाब वाढला, म्हणून गॅस्केट गेलं' असं सगळे म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. मी खडकीचा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स इथे १९४६ साली सुरू झाली, तेव्हापासून डिझेलची धडधड या गावाच्या कानात बसलेली आहे. टर्बो डिझेलमध्ये दाब दीडशे बारच्या पुढे जाणं रोजचंच. जनरेटरवरचं असं इंजिन तासन् तास भारावर चालतं आणि गॅस्केट वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. कारण तो दाब ठरलेला असतो. ब्लॉक, हेड, बोल्ट सगळं त्यासाठीच बांधलेलं असतं. पेट्रोल टर्बोचं गॅस्केट जातं ते बहुतेक वेळा हिशेबात न धरलेल्या दाबामुळे. तो दाब नॉकिंगचा.

स्पार्कनंतर ज्योत कडेकडे सरकते, तोवर एंड गॅसमध्ये ऑटो-इग्निशन झालं की प्रेशर वेव्ह उठते आणि बाउंडरी लेयर... थांबतो. काचेपलीकडून आमच्या निर्मात्या हातवारे करताहेत, सोपं सांगा म्हणून. बरं. स्पार्क प्लगने ठिणगी टाकली की मिश्रण मधून कडेकडे पेटत जायला हवं. पण हवा फार तापलेली, फार दाबलेली, किंवा पेट्रोल हलकं असलं, तर ज्योत पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण आपोआप, एकदम पेटतं. दाब हळूहळू चढण्याऐवजी त्याचे तडाखे बसतात, हेच नॉकिंग. भिंतीलगत गॅसचा एक थर असतो, तो धातूला उष्णतेपासून वाचवतो. या तडाख्यांनी तोच उडून जातो. मग दोन सिलिंडरांच्या मधली गॅस्केटची पट्टी, जी मुळातच काही मिलिमीटर रुंद, ती आधी जळते.

नॉकिंगचा आवाज तुम्हाला ऐकू येईलच असं नाही. एक्झॉस्ट मोठा बसवलेला, वर गाणी चालू. ऐकू काय येणार, डोंबल! नॉक सेन्सर ऐकतो आणि ठिणगी उशिरा टाकून इंजिन वाचवतो. काही रीमॅप करणारे आकडा चांगला दिसावा म्हणून याच सेन्सरचे कान बंद करून ठेवतात. म्हणून रीमॅप झाल्यावर डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद तर मागाच, पण त्याबरोबर लॉग मागा. प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे खेचली जाते, आत येणारी हवा किती गरम आहे, बूस्ट किती आहे. लॉग देणार नाही म्हणाला, तर किल्ली खिशात घालून घरी या.

आता ते तांब्याचं गॅस्केट आणि बोल्टऐवजी घालतात ते जाड स्टड. घरातला फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे लोक तुम्ही पाहिले असतील. फ्यूज उडायचा थांबतो, मग भिंतीतली वायर जळते. नॉक करणाऱ्या इंजिनात भारी गॅस्केट घालणं म्हणजे तेच. गॅस्केट टिकेल आणि पिस्टनच्या कडा फुटतील. गॅस्केटचा खर्च आणि पिस्टनचा खर्च यांतला फरक मी सांगायची गरज नाही. रोजच्या वापराच्या गाडीला तांब्याचं तर नकोच, त्याला पाणी आणि ऑइल धड अडवता येत नाही.

पेट्रोलबद्दल. ऑक्टेन जितकं जास्त, तितकं पेट्रोल नॉकला कमी बळी पडतं. पंपावरचं साधं पेट्रोल बीएस-सहाच्या मानकाप्रमाणे किमान ९१ ऑक्टेनचं असायचं. २० टक्के इथेनॉल मिसळलं की ते ९५ च्या घरात जातं. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं तेव्हा पहिल्या शहरांत पुणे होतं. आता रीमॅप १०० वर बेतलेला आणि महिनाअखेरीला टाकीत साधं पेट्रोल, असा प्रकार सर्रास चालतो. हे दुखणं टर्बोइतकंच जुनं आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बो गाडी निघाली. नॉक होऊ नये म्हणून तिच्या इंजिनात पाणी-मेथॅनॉलचं मिश्रण सोडलं जायचं आणि त्याची टाकी मालकाने भरायची होती. मालक भरायचेच नाहीत. गाडी दोन वर्षांत बंद झाली. साठ वर्षं झाली, मालक तेच.

घाटाचं वेगळं सांगतो. खंडाळ्याच्या चढावर पाच जण, सामान, एसी चालू, पुढे ट्रेलर. तुम्ही पाचव्या गिअरमध्ये, दीड हजार आरपीएमवर आणि पाय खालपर्यंत दाबलेला. लहान टर्बो इंजिनांना याच्याइतका छळ दुसरा नाही. कमी फेऱ्या आणि पूर्ण बूस्ट अशा वेळी मिश्रण कधीकधी ठिणगीच्याही आधी पेटतं आणि तो तडाखा नेहमीच्या नॉकपेक्षा कितीतरी मोठा असतो. गिअर उतरवा. इंजिन ओरडलं तर ओरडू द्या, त्याने काही बिघडत नाही. ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं पाहून घ्या, त्या दर्जात हा प्रकार कमी करण्याची अट आहे.

तापमानाचा काटा मधोमध आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच आधुनिक गाड्यांत तापमान बरंच वरखाली झालं तरी काटा मुद्दाम मधेच धरून ठेवलेला असतो. काटा हलला याचा अर्थ उशीर झाला. खरं तापमान दाखवणारं छोटं यंत्र गाडीच्या ओबीडी, म्हणजे तपासणीच्या, सॉकेटला लावता येतं, रीमॅपच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही. आणि काटा चढल्यावर 'बोपोडीच्या सिग्नलपर्यंत नेतो, तिथे ओळखीचा मेस्त्री आहे' असं करू नका. त्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टो करून आणा. गरम टाकीचं झाकण उघडू नका.

पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून घाबरून पत्र लिहू नका. खडकी ते शिवाजीनगर एवढाच रोजचा फेरा असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि दमटपणाने ती साय धरते. डिपस्टिकवरही दुधाळ दिसलं, गळती न दिसता कूलंट कमी होऊ लागलं, किंवा थंड गाडी सुरू केल्याबरोबर वरचा होज दगडासारखा घट्ट झाला, तर मात्र हेड उतरवायची तयारी ठेवा. त्याआधी कूलंटच्या टाकीवर रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी करून घ्या. निळ्याचा पिवळा झाला तर ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय.

आता हेड उतरलं. इथेच सगळे घाई करतात. मी सांगतो, त्या दिवशी गॅरेजमध्ये हजर राहा. जुनं गॅस्केट हातात घ्या आणि उजेडात धरा. दोन सिलिंडरांमधली पट्टी जळून काळी पडली असेल तर नॉक किंवा वाढीव दाब, दोष रीमॅपमध्ये शोधा. पाण्याच्या छिद्रांभोवती गंजून खाल्लं असेल तर कूलंटची हेळसांड, नळाचं पाणी ओतत राहिल्याचं फळ. हेड मधे वाकलेलं असेल तर गाडी तापली होती. मग पंखा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप तपासा. गॅस्केटवर एका बाजूचा ठसा खोल आणि दुसरीकडे फिका असेल तर बोल्ट नीट आवळले नव्हते किंवा पृष्ठभाग सपाट नव्हता. स्पार्क प्लगही टाकू नका. त्यांच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चमकते ठिपके दिसले तर ते तुमच्या पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे.

एवढा सगळा पुरावा त्या एका पत्र्यावर असतो आणि आमच्याकडे काय होतं? हेड उतरलं की पोऱ्या पहिल्यांदा गॅस्केट उचलून भंगाराच्या डब्यात टाकतो, मालक संध्याकाळी नवीन गॅस्केटचा फोटो मित्रांना पाठवतो, आणि काही महिन्यांनी मला पत्र येतं. अहो, पोराला ताप आला तर औषध देण्याआधी ताप कशाचा ते डॉक्टरला विचारता ना? गाडीच्या बाबतीत ही अक्कल कुठे जाते? गॅस्केट जपून ठेवा. पिशवीत घालून घरी न्या. घरचे हसले तर हसू द्या.

पृष्ठभागाबद्दल दोन शब्द जास्त. स्टीलच्या गॅस्केटला हेड आणि ब्लॉक दोन्ही अगदी सपाट आणि गुळगुळीत लागतात. स्ट्रेट एज आणि फिलर गेज लावून तपासतात. वाकडेपणा साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा, नेमकी मर्यादा कंपनीच्या पुस्तकात पाहा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरची चकती फिरवून चकचकीत केलेलं हेड डोळ्यांना सपाट दिसतं, पण त्यात खड्डे पडलेले असतात आणि ती पूड ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. काम मशीन शॉपमध्येच करा. फेस मारला, म्हणजे घासून सपाट केलं, की हेड पातळ होतं, कॉम्प्रेशन वाढतं आणि नॉकची शक्यताही. किती काढलं ते लिहून घ्या आणि ट्यूनरला, म्हणजे रीमॅप करणाऱ्याला, सांगा. काही कंपन्या फेस मारूच देत नाहीत, तिथे हेड बदलायचं. कॉम्प्रेशन उतरवायला उगाच जाड गॅस्केटही घालू नका. पिस्टन आणि हेडमधली फट वाढली की ज्वलन मंदावतं आणि नॉक उलट वाढू शकतो.

ताणून बसणारे बोल्ट एकदाच वापरायचे. टॉर्क रेंच आणि अंश मोजायचं गेज नसलेल्या गॅरेजात हेड बसवू नका. बोल्टची भोकं कोरडी करा, आत राहिलेल्या तेलाने ब्लॉक तडकतो. स्टीलच्या गॅस्केटला सिलिकॉन, ग्रीस, चंदेरी रंग काही फासायचं नाही. रेडिएटरमध्ये ओतायच्या 'गळती बंद' बाटल्यांबद्दल मी बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

नवं गॅस्केट बसल्यावर कूलंटमधली हवा पूर्ण काढून घ्या. पहिले आठ-दहा दिवस रोज सकाळी थंड इंजिनवर टाकीची पातळी पाहा. तोवर गाडी कंपनीच्या मूळ मॅपवरच चालवा, आणि रीमॅप परत टाकायला जाल तेव्हा ते पिशवीतलं जुनं गॅस्केट ट्यूनरच्या टेबलावर ठेवून मगच बोलायला सुरुवात करा.