बायकांचे गाव

श्रोतेहो, शेतकऱ्याची बायको म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. पहाटे उठून गोठा उरकणारी, न्याहारीची टोपली घेऊन शेतावर जाणारी आणि दिवस मावळेपर्यंत तिथेच राबणारी बाई. "काय काम करता?" असे तिला कोणी विचारले तर ती सहज म्हणेल, "काही नाही, घरीच असते." आज मी तुम्हांला अशाच, पण फार दूर देशीच्या बायकांची हकीगत सांगणार आहे. त्यांच्यावर अशी वेळ आली की पेरणीपासून पोरांच्या शाळेपर्यंत सारे त्यांनाच पाहावे लागले, कारण घरात कर्ता पुरुष उरलाच नव्हता.

ह्या बायका मेनोनाइट पंथाच्या. सोळाव्या शतकात हॉलंडकडच्या मेनो सिमन्स नावाच्या धर्मगुरूने 1536 साली आपले पद सोडले. त्याच्या नावावरून ह्या ख्रिस्ती पंथाला नाव पडले. बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या इच्छेने घ्यावा. शपथ वाहू नये. आणि काही झाले तरी शस्त्र हाती धरू नये, ही त्यांची शिकवण. राजेलोकांना ही शेवटची गोष्ट कशी मानवणार? तेव्हा हे लोक छळाला कंटाळून देश सोडत राहिले. हॉलंडमधून व्हिस्चुला नदीच्या खोऱ्यात आणि 1789 पासून रशियन साम्राज्यातल्या युक्रेनमध्ये गेले. आपल्याकडेही हे नाव अगदीच परके नाही. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात, धमतरीला, अमेरिकन मेनोनाइटांनी 1899 साली दुष्काळाच्या दिवसांत काम सुरू केले होते.

युक्रेनमध्ये ते पट्टीचे शेतकरी झाले. घरातली कामाची वाटणी ठरलेली. नांगर, घोडे, गावची सभा आणि प्रार्थनामंदिरातले प्रवचन पुरुषाकडे. दूधदुभते, कोंबड्या, परसातली भाजी, शिवण, पाव भाजणे आणि मुलांचा मोठा लबेदा बाईकडे. कापणीला मात्र तीही शेतावर असायचीच. त्याला म्हणायचे 'मदत'! शनिवारी ती 'त्स्वीबाक' नावाचे, एकावर एक गोळा बसवलेले छोटे पाव भाजून ठेवी, म्हणजे रविवारी चुलीला विसावा. लांबच्या प्रवासाला निघताना हेच पाव पुन्हा भाजून कडक करायचे आणि पोत्यांत भरायचे. आपल्या दशम्याच म्हणा ना! हे पाव त्या बायकांना किती वेळा बांधावे लागले, ते आता पाहा.

1930 च्या सुमारास सोविएत सरकारने जमिनी काढून घेऊन सामुदायिक शेती आणली. 1937 आणि 1938 साली रात्री-अपरात्री गाडी दारात यायची आणि घरचा पुरुष घेऊन जायची. पुष्कळ जण परत आले नाहीत. कुठे नेले, जिवंत आहेत की नाहीत, काही कळेना. पुढे महायुद्धात जर्मन सैन्य युक्रेनमध्ये शिरले आणि 1943 साली मागे हटू लागले. त्या सैन्याबरोबर सुमारे 35,000 मेनोनाइट पश्चिमेकडे निघाले. कित्येक गाड्यांचे लगाम बायकांच्या हाती होते. त्यांतल्या बहुतेकांना युद्धानंतर पकडून सोविएत देशात परत पाठवले गेले. जे निसटले त्यांना आसरा कोण देणार? म्हातारे, आजारी, बाप नसलेली लेकरे, कोणालाही न निवडता घेण्यास दक्षिण अमेरिकेतला पॅराग्वे हा देश तयार झाला. मेनोनाइटांना सैन्यसेवेतून सूट देणारा कायदा तिथे 1921 सालीच झाला होता. 1 फेब्रुवारी 1947 ला ब्रेमरहाफेन बंदरातून 'व्होलेंडाम' जहाज सुटले. त्यात सुमारे 2,300 माणसे होती, आणि त्यांत पुरुष थोडे.

त्यांतल्या पुष्कळांना जायचे होते चाको नावाच्या रानात. नदीकाठच्या बंदरापासून छोटी आगगाडी 145 किलोमीटरवर संपायची, पुढे बैलगाडी. आधीच्या मेनोनाइट वसाहतींनी त्यांना घरांत घेतले, म्हणून निभावले. उन्हाळा चाळीस अंशांच्या वर. विहीर खणावी तर कधी पाणी खारट निघे. झाड तोडावे तर एका झाडाचे नावच 'केब्राचो', म्हणजे कुऱ्हाड मोडणारा! अशा ठिकाणी बायकांनी माती तुडवून विटा पाडल्या, गवताने घर शाकारले आणि बैल जुंपले. गहू तिथे नीट येईना. मग भुईमूग, कापूस आणि ज्वारी. होय, आपलीच ज्वारी! तिचे पीठ गव्हाच्या पिठात मिसळून पाव भाजायचे. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ते रान काही ओसाड नव्हते. एन्लेत नावाचे आदिवासी तिथे पूर्वीपासून राहत होते, आणि नव्या वसाहतींत त्यांना मजूर व्हावे लागले.

ह्या नव्या वसाहतीचे नाव नॉयलांड, म्हणजे नवी भूमी. तिच्यातले एक गाव फ्रीडन्सहाइम, शांतीचे घर. तिथली घरे एकट्या बायांची आणि त्यांच्या मुलांची, म्हणून लोक त्याला 'बायकांचे गाव' म्हणू लागले. दहा-बारा वर्षांचा मुलगा आईबरोबर नांगरामागे चाले. थोरली मुलगी राजधानीला, आसुन्सिओनला, घरकामाला जाई आणि पगार घरी पाठवी.

पण ह्या बायांचे सगळ्यांत मोठे दुःख कष्टाचे नव्हते बरं का. नवरा गेला म्हणावे, तर मृत्यूची बातमी नाही. आहे म्हणावे, तर दहा वर्षांत पत्र नाही. कुंकवाचा प्रश्न आपल्या बायांना जसा टोचतो, तसा त्यांना पुनर्विवाहाचा प्रश्न टोचला. एखादीला शेजारचा विधुर आधार देऊ म्हणाला, तर पंथ विचारी, "तुझा पहिला नवरा मेला हे नक्की का?" हा निर्णय करणारे वडीलधारे सारे पुरुष. आणि 1953 साली स्टालिन वारल्यावर, पत्रांची वाट हळूहळू मोकळी झाली, तेव्हा काही बायांना खरेच कळले की नवरा जिवंत आहे. कुणाचा सैबेरियाकडे एकटाच, तर कुणी तिकडे दुसरा संसार मांडलेला. अशा पत्राला त्या बाईने काय उत्तर लिहावे?

पुढे पुष्कळ जणी मुलांसह कॅनडात गेल्या. काही तिथेच राहिल्या. 1961 साली राजधानीपासून चाकोत रस्ता पोचला, सहकारी संस्था वाढल्या, आणि आज पॅराग्वेच्या दुधाचा मोठा वाटा ह्या वसाहतींतून येतो. मुले मोठी झाली तसे नांगर आणि सभा पुन्हा पुरुषांच्या हाती गेल्या. बाईचे काम पुन्हा 'मदत' ठरले.

गुरुजनहो, वर्गात मुलांना एकदा विचारून पाहा, "तुझे वडील काय करतात?" मुलगा सांगेल, "शेती." मग विचारा, "आणि आई?" तो जर म्हणाला, "काही नाही, घरीच असते," तर त्याला फ्रीडन्सहाइमची ही गोष्ट सांगा. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर, आईने आज शेतात काय काय केले, ते पाटीवर लिहून आणायला सांगा. पाटी अपुरी पडेल.