वाद्याची उंची आणि वादकाची बैठक



तंबोरा, सतार, सारंगी हीं आपलीं वाद्यें वादकाच्या अंगाला लागून राहतात. वाजविणारा उंच असो वा ठेंगणा, वाद्य त्याच्या मांडीचा अथवा खांद्याचा आधार घेतें आणि उंचीचा प्रश्न आपोआप सुटतो. परंतु जें वाद्य स्वतःच्या पायांवर उभें असतें, त्याच्यापुढें मनुष्याला आपलें शरीर नेऊन बसवावें लागतें. अशा एका वाद्याविषयीं आज मी बोलणार आहें. तें म्हणजे अमेरिकेंतील पेडल स्टील गिटार.

याचें मूळ हवाई बेटांत आहे. तेथील जोसेफ केकुकू या विद्यार्थ्यानें १८८९ च्या सुमारास गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी तुकडा सरकविण्याची रीत काढली, असें मानलें जातें. ही रीत आपल्या रागसंगीतांतही रुजली. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत ब्रिजभूषण काबरा यांची जी गिटार ऐकूं येते, ती याच कुळांतली. अमेरिकेंत १९३२ च्या सुमारास विजेची स्टील गिटार बाजारांत आली. विजेनें आवाज वाढूं लागतांच पोकळ पोटाची गरज उरली नाहीं. तारा वाढल्या, वजन वाढलें, आणि वाद्य मांडीवरून उतरून चार पायांवर उभें राहिलें. मग त्याला पेडलें जोडलीं गेलीं. १९५४ सालीं गाजलेल्या वेब पीअर्स यांच्या ‘स्लोली’ या गीतांत बड आयझॅक्स यांनीं तार वाजत असतांनाच पेडल दाबून स्वर चढविला, आणि त्या आवाजानें पुष्कळ वादकांना वेड लावलें.

आज या वाद्यावर बसणाऱ्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे एकाच वेळीं कामांत असतात. डावा हात पोलादी कांडी सरकवितो. उजवा हात नख्या घालून तारा छेडतो. डावें पाऊल पेडलें दाबतें, उजवें पाऊल आवाज कमीजास्त करतें, आणि गुडघे वाद्याच्या पोटाखालीं लोंबणाऱ्या तरफा ढकलतात. नॅशव्हिलच्या प्रचलित दहातारी मेळांत एक पेडल दोन तारा पूर्ण स्वरानें चढवितें, तर शेजारचें दुसरें पेडल दोन तारा अर्ध्या स्वरानें. पुष्कळदां एकाच पावलानें दोन्ही पेडलें दाबून, घोटा किंचित् कलवून, त्यांतलें एक हलकेच सोडावें लागतें. ज्याचा घोटा अवघडला, त्याचा स्वरही अवघडला.

म्हणून उंची ठरवितांना क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम आसन ठरवावें, वाद्य नव्हे. पाऊल जमिनीवर सपाट टेकून मांडी साधारण आडवी राहील, इतकें आसन उंच असावें. आसन फार खालीं असेल, तर गुडघा वर येऊन तरफेला नकळत धक्का लागतो आणि स्वर बिघडतो. फार उंच असेल, तर पाय लोंबतात आणि पाठ वांकते.

दुसरी पायरी वाद्याची. आसनावर बसून खांदे सैल सोडावे आणि हात तारांवर ठेवावे. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जवळजवळ आडवा असला, म्हणजे उंची योग्य. खांदे वर चढले, तर वाद्य उंच आहे. वादक पुढें ओणवा झाला, तर तें खालीं आहे. त्याच वेळीं गुडघ्याकडे पाहावें. डाव्या गुडघ्यानें वर उचलावयाची जी तरफ असते, ती आणि मांडी यांमध्यें थोडें अंतर मोकळें हवें. पुष्कळ वाद्यांच्या पायांची लांबी कमीजास्त करतां येते. तेवढ्यानें न भागल्यास अधिक लांब पाय बसवावे लागतात.

तिसरी पायरी विसरली जाते. पेडलांची पट्टी पुढच्या दोन पायांना खालीं जोडलेली असते आणि प्रत्येक पेडलापासून एक सळई वर वाद्याच्या पोटांत जाते. वाद्याचें अंग आणि ही पट्टी यांमधील अंतर वाढविलें, तर सळयाही तितक्याच लांब केल्या पाहिजेत. नाहींतर पेडल वर उचललें जातें आणि टांच टेकलेली ठेवून पाऊल त्यावर पोंचत नाहीं. उलट अंतर घटविलें आणि सळया तशाच ठेवल्या, तर पेडल जमिनीकडे झुकतें, त्याची चाल पुरी होत नाहीं, आणि स्वर इच्छित जागीं चढत नाहीं. हें सर्व जमल्यावर पायांवर खूण करून ठेवावी. कारण प्रवासांत ते काढावे लागतात, आणि पुन्हां जोडतांना अंदाज चुकतो.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. आपल्याकडे अंग दुखणें हीच साधनेची खूण, अशी एक समजूत आहे. श्रमानें येणारा थकवा वेगळा आणि वांकड्या बैठकीनें येणारें दुखणें वेगळें. पहिला विश्रांतीनें जातो. दुसरें रोज थोडें थोडें सांचतें. शाळेंत एकाच मापाच्या बाकावर सर्व मुलें बसवितात. उंच मुलगा ओणवा होऊन लिहितो, आणि आपण त्याच्या अक्षराला नांवें ठेवतों. शिकाऊ वादकाचेंही असेंच होतें. मान धरते, मनगट भरतें. ही कला आपल्या नशिबांत नाहीं असें ठरवून तो वाद्य झांकून ठेवतो. दोष त्याच्या हाताचा नसून दोन बोटें उंचीचा असतो, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

आपल्या घरांत पेडल स्टील गिटार नसेल. पण पेटी असेल, शिवणयंत्र असेल, मुलांचें अभ्यासाचें टेबल असेल. तेथें कोणी कुरकुर करूं लागलें, तर आळशी म्हणण्यापूर्वीं एकदां त्याच्या शेजारीं उभें राहून त्याचे खांदे आणि गुडघे पाहावे. मापाची काठी वाद्याला लावावी. माणसाला वाद्याच्या मापानें कापूं नये.