शिधा आणि आपले ताट



मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. पण घरखर्चाची वही रोज लिहिते. त्या वहीतलेच दोन शब्द बोलते.

आम्ही घरात पाच माणसे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी 5 किलो, म्हणजे महिन्याला 25 किलो धान्य रेशनवर मिळते. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. त्याचे मोल मी जाणते. एकदा यजमान चार महिने कामावाचून घरी होते, तेव्हा याच धान्याने चूल पेटती राहिली. पण त्या महिन्यांत वहीत डाळीपुढची जागा कोरीच आहे. ताटात भात होता, पोळी होती, वरण नव्हते. धाकटीचे रक्त कमी भरले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "डाळ-उसळ देता ना?" मी मान खाली घातली.

असे का व्हावे? अन्नाच्या अनुदानापोटी केंद्र सरकार वर्षाला सुमारे दोन लाख कोटी रुपये खर्च करते. त्यातला बहुतेक वाटा तांदूळ-गव्हाचा. हमीभाव पुष्कळ पिकांना जाहीर होतो. पण मोठी खरेदी या दोनच धान्यांची होते, आणि कोठारात जे भरते तेच रेशनच्या दुकानात येते. 1965 साली अन्न महामंडळ निघाले, तेव्हा देशात टंचाई होती. आधी पोट भरणे जरूर होते. आता नुसत्या पोटाकडे बघून भागणार नाही.

आपल्या मावळच्या डोंगरउतारावर नाचणी पिकते. 2025-26 साली तिचा हमीभाव क्विंटलला 4886 रुपये ठरला, साध्या भाताचा 2369. कायद्यातही तांदूळ-गव्हाच्या जोडीला भरड धान्य लिहिलेले आहे. आणि डाळ देता येत नाही असे नाही. 2020 साली एप्रिल ते नोव्हेंबर घरामागे महिन्याला 1 किलो डाळ किंवा हरभरा दिलाच होता.

भगिनींनो, त्याच कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या वडील बाईचे नाव असते. दुकानाच्या दक्षता समितीतही बायकांना जागा आहे. ती रिकामी ठेवू नका. मंडळातर्फे एक अर्ज करू या: आमचे तांदूळ-गहू चालू ठेवा, जोडीला डाळ आणि मावळची नाचणी द्या. पहिली सही माझी.