गाडीची किरकोळ कामे घरच्या घरी
सर्व्हिसिंगच्या बिलात सुट्या भागांच्या किमतीवर मजुरीही चढते. एअर फिल्टर किंवा वायपरची पाती बदलणे ही मात्र घरी दहा-पंधरा मिनिटांची कामे. पुण्यात सुटे भाग मिळण्याचे हमखास ठिकाण म्हणजे नाना पेठ. जुना भाग सोबत नेलेला बरा, म्हणजे मापात चूक होत नाही.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवट थर साचला की गाडी सुरू व्हायला कुरकुरते. इंजिन बंद करून आधी ऋण, मग धन टोकाची वायर सोडवावी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने थर घासावा, कोरडे पुसावे. जोडताना क्रम उलटा. हातमोजे आणि चष्मा हवाच.

वॉरंटी जाईल, ही धास्ती अनेकांना असते. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही बजावले. ग्राहकाच्या दृष्टीने हा फार मोलाचा आदेश.

ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग ही कामे जाणकार मेकॅनिकचीच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर मुळीच शिरू नये.