कवडशांचे नगर

(अबुधाबीतील मराठी रसिकांच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा ज्ञानाची उपासना ऋतूच्या हाती सोपवण्यात त्यांनी मोठे औचित्य साधले, असे मला नेहमी वाटत आले आहे. ज्या दिवसांत सायंकाळी मोकळ्या हवेत बसून चार शब्द ऐकावेसे वाटतात, ते दिवस पुण्यात वसंताचे असतात आणि येथे, या आखाताच्या काठी, हिवाळ्याचे. म्हणून स्थळ आणि ऋतू दोन्ही बदलले असले, तरी आपण आज तीच परंपरा पुढे चालवीत आहोत, अशी माझी श्रद्धा आहे.

आजच्या विषयाचे नाव मी एका घरगुती मराठी शब्दावरून घेतले आहे. माझे बालपण कोकणातील एका कौलारू घरात गेले. दोन कौलांच्या फटीतून आत शिरणारा उन्हाचा कवडसा माजघराच्या सारवलेल्या जमिनीवरून दिवसभर सरकत असे, आणि तो जात्यापाशी पोचला की आजी चुलीवर भाताचे आधण ठेवी. आम्ही मुले तो कवडसा मुठीत धरू पाहत असू. पण मूठ मिटली की तो मुठीच्या पाठीवर येऊन बसे. त्या वेळी ठाऊक नव्हते, की हाच कवडसा पुढे परदेशातील एका राजधानीत स्थापत्याचे परमोच्च रूप घेऊन मला पुन्हा भेटणार आहे.

ज्या देशांत सूर्याचे दर्शन दुर्लभ, त्यांनी उजेड आत आणण्याची कला वाढविली. त्यांच्या प्रार्थनामंदिरांतील रंगीत काचांच्या उत्तुंग खिडक्या त्याची साक्ष देतात. परंतु जेथे सूर्य अनावर आहे, तेथे सावली हीच माणसाची पहिली कलाकृती ठरते. माझे आजचे सारे प्रतिपादन या एका विधानात सामावलेले आहे: अबुधाबीची कला ही मूलतः सावली विणण्याची कला आहे.

'विणण्याची' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. १९५८ साली या प्रदेशात खनिज तेल सापडले, त्या काळापर्यंत कसर अल होस्नच्या किल्ल्याभोवतीची बहुतेक वस्ती खजुराच्या झावळ्यांनी बांधलेल्या घरांची होती. या घरांना अरीश म्हणतात. ज्याने नारळाचे झाप विणताना पाहिले आहे आणि लग्नाच्या मांडवाखाली दुपार घालविली आहे, त्याला अरीश परके वाटणार नाही. वारा आत यावा, ऊन गाळून यावे, हीच दोहोंची युक्ती. वाळवंटातील बेदुईन स्त्रिया मेंढ्या, उंट आणि बकऱ्यांच्या केसांचे सूत कातून जमिनीलगतच्या आडव्या मागावर जे विणकाम करतात त्याला सदू म्हणतात. त्यातूनच तंबू सजत. या कलेला २०११ साली युनेस्कोने तातडीच्या संरक्षणाची गरज असलेल्या वारशांच्या यादीत स्थान दिले. जी वीण एके काळी निवाऱ्याची गरज होती, ती आता जतनाचा विषय झाली आहे, हे स्थित्यंतर एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडले.

आणि हे नगर आपल्याला वाटते तितके दूरचे कधीच नव्हते. मराठी स्त्रीच्या नथीतील ज्या मोत्याला आपण बसरा मोती म्हणतो, तो या आखाताच्या तळाशी जन्मत असे. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने गलबते समुद्रात राहत, पाणबुडे नाकाला चिमटा लावून आणि पायाला दगड बांधून बुडी घेत, आणि त्यांच्या श्वासाचे मोल ठरविणारी मोठी पेठ होती आपली मुंबई. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी तो व्यापार मोडीत काढला. अबुधाबीच्याच हद्दीतील मरावा बेटावर सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा मोती उत्खननात मिळाला आहे, यावरून या व्यवसायाची मुळे किती खोल गेली होती, ते ध्यानी यावे. चलनाचेही तसेच. येथे दीर्घकाळ रुपयाच चाले. १९५९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी स्वतंत्र नोटा काढल्या, आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतरच या अमिरातीने रुपयाचा निरोप घेतला.

आता त्या वास्तूकडे वळू, जिच्यासाठी हे व्याख्यान योजिले. फ्रान्सच्या सरकारशी २००७ साली करार होऊन सादियात बेटावर जे लूव्र संग्रहालय उभे राहिले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात उघडले, त्याचे स्थपती ज्याँ नुव्हेल. पाण्याच्या काठी पंचावन्न शुभ्र इमारतींची एक लहानशी वस्ती, आणि तिच्यावर १८० मीटर व्यासाचा घुमट. हा घुमट सुमारे साडेसात हजार टनांचा असून अवघ्या चार खांबांवर पेललेला आहे, आणि ते खांबही इमारतींत दडविलेले असल्यामुळे एवढा भार हवेत तरंगत असल्याचा भास होतो. त्याचे आठ थर आहेत: बाहेरचे चार पोलादाचे, आतले चार ॲल्युमिनियमचे, मध्ये पाच मीटर उंचीचा सांगाडा. या थरांत लहानमोठे ७,८५० तारे वेगवेगळ्या कोनांत बसविले आहेत. सूर्याचा किरण आठही थरांतील फटी एका रेषेत सापडल्या तरच खाली पोचतो, आणि सूर्य किंचित सरकताच त्याची वाट बंद होऊन शेजारी दुसरी उघडते. म्हणून तेथील भिंतींवर आणि फरशीवर प्रकाशाचे ठिपके क्षणोक्षणी उमलतात आणि विरतात. खजुराच्या पानांखालची आणि जुन्या बाजारांच्या छपराखालची सावली स्थपतीच्या मनात होती. या देखाव्याला प्रकाशाची वर्षा असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण प्रथम तेथे उभा राहिलो, तेव्हा माझ्या ओठांवर एकच शब्द आला, कवडसे.

आतील मांडणीही याच वृत्तीची आहे. देशांच्या भिंती घालून वस्तू वेगळ्या न ठेवता काळाच्या ओघात त्या शेजारी आणल्या आहेत. प्रारंभीच्या दालनात बाळाला कुशीत घेतलेल्या माता आहेत: एक प्राचीन मिसरची, एक ख्रिस्ती युरोपची, एक आफ्रिकेची. पुढे चोल काळातील नटराजाची कांस्यमूर्ती भेटते. कुराणाचे पान, बायबल आणि यहुद्यांचा तोराह एकाच दालनात सांभाळलेले दिसतात. जगभरच्या नवलाईच्या वस्तू जमविणे धनवंतांना सोपे असते. त्या वस्तूंना परस्परांशी बोलू देणे, हे सुसंस्कृत मनाचे काम आहे.

हीच दृष्टी शहरभर आढळते. २०१२ साली पूर्ण झालेल्या अल बहर मनोऱ्यांवर, उत्तर बाजू वगळून, हजारोंच्या संख्येत घडीच्या छत्र्या बसविल्या आहेत. जुन्या मशरबिया जाळीचे हे नवे रूप सूर्य फिरेल तसे उघडते आणि मिटते. २००७ साली पूर्ण झालेल्या शेख झायेद मशिदीच्या ब्याऐंशी घुमटांवरील रात्रीचा उजेड चंद्राच्या कलांप्रमाणे शुभ्रतेकडून निळाईकडे जातो. तेथील ५,६२७ चौरस मीटरचा गालिचा इराणी विणकरांच्या सुमारे बाराशे जोडी हातांनी गाठीगाठीने घडला, आणि त्याच वास्तूत आपल्या मकराण्याचा संगमरवरही बसला आहे. अबू मुरैखा येथील, २०२४ साली लोकार्पण झालेल्या मंदिराचा गुलाबी दगड राजस्थानातून घडून आला. येथे शिल्प बाहेरून येते असा आक्षेप काही जण घेतात. मी म्हणेन, बंदराची कला नेहमीच अशी घडते. मोती एका किनाऱ्याचा, नथ दुसऱ्या किनाऱ्याची.

मात्र कलेच्या गौरवात आपण कारागिराचे, आणि त्याहून अधिक मजुराचे, विस्मरण होऊ देता कामा नये. ज्यांनी या सावल्या उभारल्या, ते स्वतः उन्हात उभे होते. या देशात १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्यावरील काम बंद ठेवण्याचा सरकारी हुकूम आहे. त्या हुकमाकडे मी केवळ प्रशासनाची तरतूद म्हणून पाहत नाही. अडीच तासांची ती सावलीही एक बांधकामच आहे, कायद्याने बांधलेले. घुमटाच्या भव्यतेचे मोजमाप करताना हे बांधकाम किती मजबूत आहे, हेही पाहिले पाहिजे, कारण सावली सर्वांची झाली नाही तर ती शोभेची वस्तू होऊन राहील.

शेवटी एक विनंती. आपली मुले या शहरात बंद काचांच्या, वातानुकूलित घरांत वाढत आहेत. त्यांच्या घरात कवडसा येत नाही, म्हणून त्यांच्या भाषेतही तो येत नाही. एखाद्या दुपारी त्यांना त्या घुमटाखाली घेऊन जा. गेल्या महिन्यात तेथे एक चिमुरडी मुलगी मी पाहिली. फरशीवरच्या उजेडावर तिने हात ठेवला, मूठ मिटली, आणि उजेड मुठीवर आलेला पाहून ती चकित झाली. आईला तिने विचारले, "आई, याला काय म्हणतात?" आणि आईने उत्तर दिले, ते मराठीत दिले.