कादंबरी पडद्यावर येताना कोण गळते?

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्याचा पंडित किंवा चित्रपटकलेचा जाणकार म्हणून मी येथे उभा नाही. मी एक सामान्य प्रेक्षक आहे. पदरचे पैसे देऊन तिकीट काढणारा आणि चित्रपट पाहून घरी आल्यावर कपाटातली मूळ कादंबरी पुन्हा उघडण्याची खोड असलेला. या खोडीतून जे काही सुचले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट निघाला की आपल्याकडे एक ठरावीक वाद सुरू होतो. वाचक म्हणतात, ‘मूळ कथेशी प्रतारणा झाली’. चित्रपटवाले म्हणतात, ‘माध्यम वेगळे आहे’. दोघेही आपापल्या जागी खरे असल्यामुळे हा वाद कधी संपत नाही. नायिका मनात होती तशी दिसली नाही, अमुक प्रसंग गाळला, तमुक संवाद बदलला, अशा तक्रारी मीही पुष्कळ केल्या आहेत. परंतु वर्षानुवर्षे पाहत गेल्यावर माझ्या ध्यानात आले की आपण पहारा देतो तो चुकीच्या दारावर. तीनशे पानांची कादंबरी अडीच तासांत बसवायची म्हणजे काटछाट होणारच. विचारायचे ते एवढेच, की या काटछाटीत नेहमी कोण गळते?

प्रथम एका जुन्या चित्रपटाचे उदाहरण घेतो. ‘प्रभात’चा ‘कुंकू’ १९३७ साली आला. त्याचा आधार नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी. आपटे हे त्या काळचे लोकप्रिय कादंबरीकार. मध्यमवर्गीय घरांतून, विशेषतः स्त्रियांकडून, आवडीने वाचले जाणारे. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली तरुण मुलगी त्या लग्नालाच नकार देते, ही कथा. शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले आणि घरातले स्वाभाविक आवाज तेवढे ठेवले. भिंतीवरचे जुने घड्याळ आणि आरशासमोर आपले म्हातारपण न्याहाळणारे केशवराव दाते यांचे काकासाहेब ज्यांनी पाहिले, त्यांना जरठ-कुमारी विवाहावर वेगळे व्याख्यान ऐकण्याची गरज उरली नाही. शांता आपटे यांच्या नीरेचा नकार हा त्या चित्रपटाचा कणा आहे आणि तो कोठेही वाकत नाही.

तरीही शेवटाकडे पाहा. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते आत्महत्या करतात आणि नीरा मोकळी होते. ती सुटते ती एका पुरुषाच्या उपरतीने. यात दिग्दर्शकाचा दोष मी मानत नाही. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा १९४७ साली मिळाला आणि देशभर तो १९५५ साली आला. समाजाने जी वाट बांधलीच नव्हती, ती पडद्याने कोठून दाखवावी? पण ज्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आणि चळवळीत आहे, ते चित्रपटात एका माणसाच्या हृदयपरिवर्तनात सापडते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिची सवयच झाली.

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे पुस्तक. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांचा चित्रपट १९५३ साली आला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला मिळाला. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. तो चित्रपट मोठाच आहे. परंतु तो पाहिलेल्या कोणालाही विचारा, काय आठवते? ओल्या पायांना माती लागू नये म्हणून पदर पसरणारी आई आठवते, ‘भरजरी गं पितांबर’ आठवते, डोळ्यांतले पाणी आठवते. पुस्तकातली आई मात्र याहून मोठी आहे. कर्जाने एक घर कसे पोखरले जाते, सावकाराचा माणूस दारात बसला की घरच्या बाईची मान कशी खाली जाते, याचा जवळजवळ हिशेबच गुरुजींनी मांडला आहे. ज्या म्हाताऱ्या महार बाईला शिवणे विटाळ मानले जाई, तिच्या डोक्यावर लाकडांची मोळी चढवून दे, असे मुलाला सांगणारी आई त्याच पुस्तकात आहे. पंढरपूरच्या मंदिरासाठी १९४७ साली प्राण पणाला लावणारे गुरुजी त्या मोळीपाशी घडले, असे मला नेहमी वाटते.

आपण त्या पुस्तकातून माया उचलली आणि मोळी तिथेच ठेवली. हा अपराध अत्र्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तो आपणा प्रेक्षकांचा आहे. आपल्याला रडायला आवडते; सावकारी आणि अस्पृश्यता यांची आठवण मात्र नको असते. पडद्यावरून गळते त्यापेक्षा कितीतरी अधिक आपल्या मनातून गळते.

आणखी एक उदाहरण देतो आणि ते मला सर्वांत अधिक बोचते. अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांवर सात चित्रपट निघाले. अण्णा भाऊ म्हणजे वाटेगावच्या मातंग वस्तीत जन्मलेला, मुंबईत गिरणीत राबलेला, लाल बावटा कलापथकातून कामगारांसमोर उभा राहिलेला लेखक. त्यांचे वाचक आणि त्या चित्रपटांचे प्रेक्षक पुष्कळदा एकच होते, ही मराठीतली दुर्मीळ गोष्ट. आता शीर्षकांकडे नजर टाका. भटक्या जमातींच्या पालांवरचे जिणे सांगणाऱ्या कादंबरीचे नाव ‘माकडीचा माळ’. चित्रपटाचे ‘डोंगरची मैना’. ‘चिखलातील कमळ’ची ‘मुरली मल्हारीरायाची’ झाली. ‘अलगुज’चे ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ झाले. माळ ही जागा आहे. तेथे शेकडो माणसे पाल ठोकतात, भांडतात, उपाशी राहतात. मैना ही एकटी आहे, देखणी आहे आणि भित्तिपत्रकावर शोभते. माळ गेला आणि मैना आली, एवढ्यात मला जे म्हणायचे आहे त्यातले निम्मे येऊन जाते.

हे असे का घडते? कोणी दुष्ट बुद्धीने करतो म्हणून घडते, असे मी म्हणत नाही. कादंबरीला कागद, शाई आणि एका माणसाचे आयुष्य लागते. चित्रपटाला भांडवल लागते आणि ते वसूल व्हावे लागते. भांडवलाला एक चेहरा हवा असतो, समुदाय नको असतो. दुःख चालते, पण ते एकट्याचे असावे. अन्याय चालतो, पण तो एका खलनायकाने केलेला असावा, म्हणजे खलनायक आडवा झाला की दिवे लागतात आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. व्यवस्थेला आडवे कसे करावयाचे? ती तर तिकीट विकत असते.

आनंद यादवांची ‘नटरंग’ १९७८ सालची. तिच्यावरचा रवी जाधव यांचा चित्रपट २०१० च्या पहिल्याच दिवशी प्रदर्शित झाला. अतुल कुलकर्णी यांनी गुणाच्या भूमिकेसाठी केलेले कष्ट पाहून मी थक्क झालो. चित्रपटात मालकाच्या विहिरीवर पंप बसतो आणि गुणासारख्या मजुरांचे काम जाते. केवढी मोठी गोष्ट! यंत्र येते, मालक तोच राहतो, हात मात्र रिकामे होतात. आपल्या शेतमजुराचा अर्ध्या शतकाचा इतिहास त्या प्रसंगात आहे. पण तो चार मिनिटांत मागे पडतो आणि उरलेला चित्रपट कलावंताच्या जिद्दीचा होतो. अखेरीस जीवनगौरव पुरस्कार आणि टाळ्या. मूळ कादंबरीचा शेवट इतका सुखाचा नाही. गुणाला पुरस्कार मिळाला याचा मला आनंदच आहे. पण त्याच्याबरोबर काम गेलेल्या बाकीच्यांचे काय झाले, हे विचारावेसे वाटते.

यावर कोणी म्हणेल, मग व्यवस्था दाखविणारा चित्रपट निघूच शकत नाही का? निघतो, आणि आपल्याकडेच निघालेला आहे. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी १९७९ साली ‘सिंहासन’ केला. दोन कादंबऱ्यांचा एक चित्रपट म्हणजे कितीतरी पाने गाळणे आले. तरी माझ्या मते मराठीतले ते सर्वांत प्रामाणिक रूपांतर आहे. मुख्यमंत्री, त्याची खुर्ची ओढू पाहणारा अर्थमंत्री, कामगारपुढारी डिकास्टा, तस्कर आणि हे सारे टिपणारा पत्रकार दिगू टिपणीस, यांतला कोणीही एकटा नायक नाही. नायक आहे तो सत्तेचा व्यवहार. निळू फुले यांच्या दिगूचे अखेरचे वेडे हसू पाहताना कोणाला पकडावे हे प्रेक्षकाला कळत नाही आणि म्हणूनच तो अस्वस्थ होऊन बाहेर पडतो. पाने गळली, पण माणसांना बांधणारा धागा गळला नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत एक पोरसवदा मास्तर येतो, गाव श्रमदानाने तालीम बांधते, दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. येथे मास्तर निमित्त आहे, वाडी नायक आहे आणि पडद्यावरही ती नायकच राहिली. हा चित्रपट दूरदर्शन आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, म्हणजे सार्वजनिक पैशाने निघाला, हा मला योगायोग वाटत नाही. बाजार ज्याला हात लावणार नाही ते समाजाने आपल्या पैशातून करावे, हा आपला जुना आग्रह वीज, पाणी आणि रेल्वे यांपुरता ठेवण्याचे कारण नाही.

मित्रहो, या सगळ्याची एवढी चिंता कशाला, असे आपल्यापैकी कोणाला वाटत असेल. चिंता अशासाठी की आपल्या देशात पुस्तक थोड्यांच्या हाती पोहोचते आणि चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. ज्याने कादंबरी वाचली नाही आणि वाचणारही नाही, त्याच्यापुरता चित्रपट हाच मूळ ग्रंथ. त्यातून मोळीवाली बाई गेली की त्याच्या जगातून ती गेली. आणि आता तर ज्यांच्या कथा पडद्यावर येतात त्यांनाच तिकीट परवडेनासे झाले आहे. गिरणगावातला कामगार पाळी सुटल्यावर लालबागच्या ‘भारतमाता’त जाऊन मराठी चित्रपट पाहत असे. वातानुकूलित बहुपडदा चित्रगृहात शेतमजुराची कथा पाहायला शेतमजूर नसतो, ही स्थिती चित्रपटाच्या आशयावर परिणाम केल्यावाचून राहील कशी?

म्हणून एक साधा उपाय सुचवितो. या ग्रंथालयाने महिन्यातून एकदा एक कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट एकत्र घ्यावा; प्रवेश विनामूल्य असावा. चित्रपट झाल्यावर कादंबरीतले एखादे गाळलेले प्रकरण मोठ्याने वाचावे आणि जमलेल्यांनी तीनच प्रश्न विचारावेत. यातला नायक पोटासाठी काय करतो? कादंबरीत होता तो कोण येथे दिसत नाही? आणि भांडण मिटले ते कशाने, कोणाच्या मन पालटण्याने की परिस्थिती पालटल्याने? नायिकेच्या लुगड्याचा रंग बदलला की नाही, हा चौथा प्रश्न वेळ उरला तर घ्यावा.

चित्रपटाने कादंबरीचे गुलाम व्हावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्याने हवे तेवढे गाळावे, हवे तेवढे जोडावे. फक्त त्या म्हाताऱ्या बाईची मोळी वाटेत टाकून पुढे जाऊ नये. आणि तो गेलाच, तर आपण थांबून ती उचलून द्यावी. आईने श्यामला तेवढेच तर सांगितले होते.