गाडी तिच्या नावावर, भाडे कुणाच्या हाती?



नातेपुत्यात मी बायकांना विचारते, घरची गाडी तुमच्या नावावर. भाडे कुणाच्या हातात पडते? नवऱ्याच्या! मग कर कुणाचा? १९६१च्या आयकर कायद्यापासून चालत आलेला नियम असा : नवऱ्याने पैसे देऊन बायकोच्या नावावर गाडी घेतली, तर भाड्याचे उत्पन्न त्याचेच धरायचे. तिने स्वतःचे दागिने मोडून घेतली असेल, तर उत्पन्न तिचे आणि करही तिचाच. म्हणून सोनाराची पावती जपा, भाडे आपल्याच खात्यात घ्या. (घरात कपाळाला आठ्या पडतील, पडू देत.) भाड्यापुरता डिझेल-दुरुस्तीचा खर्च वजा होतो. कंपनीने तुमच्या पॅनवर कर कापला आणि तुमचे उत्पन्न करपात्र नसले, तर विवरणपत्र भरल्यावरच तो परत मिळतो. मात्र खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने लावायला १९८८चा मोटार वाहन कायदा परवाना मागतो. कर भरल्याने ती अडचण सुटत नाही.